चार माणसांत वावरायला शिकवायचं कसं: बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांसाठी आणि टीचरांसाठी

"अभ्यासाचं जाऊ दे हो टीचर, चार माणसांत नीट वागला तरी पुरे." आमच्या गोव्यात डिचोली म्हणा, पेडणे म्हणा, वाळपई म्हणा, शाळेतल्या रिसोर्स रूममध्ये, म्हणजे अशा मुलांना वेगळं शिकवायच्या खोलीत, येऊन बसलेली आई हे एकदा तरी बोलतेच, आणि बोलताना सूर असा की अभ्यास कठीण, वागणं काय, ते येईल आपोआप. आपोआपच तर येत नाही ना. बाकीची पोरं एकमेकांचं बघून, चिडवाचिडवी करून, रुसून, भांडून, परत एक होऊन हे सगळं उचलतात, त्यांना कोणी बसवून शिकवत नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला तेच तुकडे पाडून शिकवावं लागतं. हळू येतं, पण येतं. आणि एक आधीच सांगून ठेवते, हट्टी मुलापेक्षा मला "एकदम गुणी हो, काही सांगा, ऐकतो" अशा मुलाची जास्त काळजी वाटते. का ते पुढे येईलच.

रिपोर्ट काढा कपाटातून

बांबोळीच्या आयपीएचबीतला, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयातला, किंवा दुसरीकडचा रिपोर्ट तुमच्याकडे असेल. त्यातला आयक्यूचा आकडा सगळ्यांनाच पाठ असतो, ५० ते ६९ सौम्य, ३५ ते ४९ मध्यम, त्याखाली तीव्र, अतितीव्र, आणि मग फाईल बंद. पण त्याच रिपोर्टात बहुतेक वेळा व्हीएसएमएस (व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल) म्हणून दुसरी चाचणी असते, ती बघा. अमेरिकेतल्या व्हाइनलँडला एडगर डॉल यांनी १९३५ साली केलेली ही चाचणी, नागपूरच्या मालिन यांनी ती आपल्याकडच्या मुलांसाठी बसवली, ८९ मुद्दे, आणि ते विचारतात पालकांना. स्वतःच्या हाताने जेवतो का, बटण लावतो का, शेजारी एकटा जातो का, दुसऱ्या मुलांत खेळतो का. केंद्राच्या २०१८ च्या गाइडलाइनमध्ये दिव्यांग सर्टिफिकेटची टक्केवारी या चाचणीच्या आकड्यावर धरली होती, ५५ ते ६९ ला ५० टक्के, ३६ ते ५४ ला ७५ टक्के असं. २०१३ मध्ये आलेल्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन पुस्तकातसुद्धा, तीव्रता रोजच्या वागण्यावरून ठरवा, नुसत्या आयक्यूवरून नको, असंच म्हटलंय.

आता गंमत बघा. "बुटाची लेस बांधतो?" "नाही." "दुकानात जातो?" "नाही." पण कधी बांधू दिली का, कधी पाठवला का? शाळेची व्हॅन दारात हॉर्न मारतेय, आजी लेस बांधून मोकळी होते, रोजचंच आहे हे आणि कोणाला दोष देण्यासारखं पण नाही. म्हणून घरी बसून एका कागदावर तीन रकाने करा: करतो, येत नाही, आणि करू दिलं नाही. तिसरा रकाना मोठा निघतो, बघाच तुम्ही. सुरुवात तिथूनच करायची.

"त्याचा स्वभावच तसा"

अमेरिकेत येल युनिव्हर्सिटीत एडवर्ड झिगलर म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी वर्षानुवर्षं या एकाच गोष्टीवर काम केलं की या मुलांचं वागणं सगळंच कमी बुद्धीमुळे असतं का. त्यांचं म्हणणं असं की पुष्कळसं त्यांच्या वाट्याला आलेल्या अनुभवातून येतं. सारखं हरत आलेलं मूल पुढच्या वेळी हरणारच असं धरून चालतं, म्हणून प्रयत्नच सोडतं. स्वतःच्या डोक्यावर भरवसा नसतो, म्हणून दुसऱ्याकडे बघून करतं. कौतुकाची भूक इतकी की अनोळखी माणसाला पण चिकटतं, नाहीतर त्याच्या उलट, मोठ्या माणसांना बिचकतं.

हे आपल्या वर्गात आणून बघा. शेजारच्याच्या वहीत बघून लिहिणारा पोरगा, त्याला आपण कॉपी म्हणून ओरडतो. उत्तर देताना फळ्याकडे न बघता टीचरच्या चेहऱ्याकडे बघणारी पोरगी, टीचरने भुवई जरा वर केली की लगेच उत्तर बदलते. गणिताची वही काढा म्हटलं की पोटात दुखणारा. तिघांचे तीन स्वभाव वाटतात, पण मुळात गोष्ट एकच आहे, माझं चुकणार.

यावर काय करायचं, तर पहिलं काम असं द्यायचं जे त्याला नक्की येतं, आणि मग त्यात एकच नवीन गोष्ट मिसळायची. प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत आकडे मोजायचे आणि तोपर्यंत तोंड बंद, हे आपल्यालाच फार जड जातं. तो "बरोबर?" म्हणून तोंडाकडे बघायला लागला की "तुला काय वाटतं, बघ परत" म्हणायचं, चेहरा कोरा ठेवून. कौतुक करताना नुसतं "गुड बॉय" नको, त्यातून त्याला काही कळत नाही, "तू रांगेत थांबलास, ढकललं नाहीस" असं सांगा. आणि वर्गात टाळ्या वाजवून घेऊ नका प्रत्येक फालतू गोष्टीला, बाकीच्या मुलांना ते बरोबर कळतं आणि थोड्या दिवसांनी त्यालाही कळायला लागतं.

स्वभावाचा शिक्का मारण्याआधी कान, डोळे, दात, पोट तपासून घ्या, एवढं कराच. डाऊन सिंड्रोम असेल तर थायरॉइड आणि कान दरवर्षी, कारण दोन्हीचे त्रास त्या मुलांत पुष्कळ असतात आणि सुस्त, ऐकत नाही, आळशी हे सगळं त्यातूनच येत असू शकतं. फिटची गोळी चालू असेल, बदलली असेल आणि तेव्हापासून चिडचिड वाढली असेल तर डॉक्टरना सांगा. ज्याला बोलून सांगता येत नाही तो दुखणं वागण्यातून सांगतो.

'हो' म्हणणारी मुलं

तर आता ते गुणी मूल. "भूक लागली?" हो. "पोट भरलं?" हो. "त्याने मारलं तुला?" हो. "मग तू मारलंस?" हो. ही मुलं खोटं बोलत नसतात, प्रश्न पूर्ण कळत नाही आणि हो म्हटलं की समोरचा खूश होतो एवढं त्यांना माहीत असतं. शाळेत भांडण झालं की हेडमिस्ट्रेसच्या केबिनमध्ये सगळा दोष याच्याच अंगावर येतो तो यामुळे. म्हणून हो-नाहीचा प्रश्न टाळा, "कोण होतं तिथे?", "आधी काय झालं?" असं विचारा, चित्र काढून किंवा फोटो दाखवून विचारा, आणि हो-नाहीत विचारावंच लागलं तर थोड्या वेळाने तोच प्रश्न उलटा करून विचारा. दोन्हीला हो आलं तर ते उत्तर धरू नका.

याहून महत्त्वाचं म्हणजे नको म्हणायला शिकवा. घरात रोज तशी संधी द्या, भेंडी हवी की वाल, निळा शर्ट की लाल, आणि नको म्हटलं की ते खरंच मानायचं, नाहीतर शिकवलेलं फुकट. "आज आजोबांच्या मांडीवर नको" म्हटलं तर आजोबांनी फुगायचं नाही. मला माहीत आहे घरात याच्यावरून वाद होतात, लाडका नातू असतो, सगळे जवळ घेतात, फेस्ताला चवथीला पाहुणे आले की गालाला गाल, पापी दे. पण पाच वर्षांच्या मुलाचं जे गोड वाटतं तेच चौदाव्या वर्षी बसमध्ये अनोळखी बाईला मिठी मारली की गोड राहत नाही, लोक ओरडतात, कधी हात उचलतात, आणि पोराला कळतच नाही की कालपर्यंत चालत होतं ते आज काय झालं. नियम वयाप्रमाणे बदलत राहिला तर त्याला झेपत नाही, म्हणून लहानपणापासूनच एक ठेवा.

सोपी पद्धत म्हणजे गोल काढायचे. कागदावर मधोमध त्याचा फोटो, त्याच्याबाहेर आई-बाबा-आजी, इथे मिठी चालते. त्याच्या बाहेरच्या गोलात मामा, काकी, टीचर, इथे हातात हात. त्याच्या बाहेर शेजारी, पोदेर (सायकलवरून पाव विकणारा), कंडक्टर, यांना नमस्कार किंवा हात हलवायचा. सगळ्यात बाहेर अनोळखी, काही नाही. खरे फोटो लावा, चित्रातली माणसं नको. आणि अंगाचे अवयव त्यांच्या खऱ्या नावाने सांगा, आंघोळीचा आणि टॉयलेटचा नियम सांगा की दार बंद आणि आत कोणी नाही, मदत लागत असेल तर कोण मदत करणार त्यांची नावं ठरलेली. लाजू नका. मोठ्यांचं सगळं ऐकायचं एवढंच शिकलेलं मूल वाईट माणसाचं पण ऐकतं. २०१२ च्या पोक्सो कायद्यात मुलाच्या मानसिक किंवा शारीरिक अक्षमतेचा फायदा घेऊन केलेला अत्याचार जास्त गंभीर गुन्हा धरलाय, आणि संशय जरी आला तरी १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करता येतो, पण तिथपर्यंत गोष्ट जाण्याआधी पोराच्या तोंडात 'नको' आणि 'आईला सांगतो' हे दोन शब्द पक्के असले पाहिजेत.

पोदेरकडून पाव घेणं

बाहेरच्या माणसाशी वागायला शिकवायचं तर गोव्यात आपल्याला एक आयती सोय आहे. पोदेर! तोच माणूस, तीच सायकल, साधारण तीच वेळ, लांबून पों पों ऐकू येतं म्हणजे तयारीला वेळ मिळतो, आणि बोलायचं असतं मोजून दोन शब्द. याच्यासारखा सराव कुठल्या थेरपी रूममध्ये मिळणार सांगा.

काम फोडून बघा: हॉर्न ऐकायचा, पिशवी घ्यायची, वाटीतले सुटे पैसे घ्यायचे, गेटपर्यंत जायचं, थांबायचं, "पाच पाव" म्हणायचं, पैसे द्यायचे, पिशवी धरायची, मोजून घ्यायचे, "देव बरें करूं" म्हणायचं, पिशवी आणून टेबलावर ठेवायची. आता हे शेवटाकडून शिकवायचं. म्हणजे पहिले काही दिवस सगळं तुम्हीच करा आणि फक्त पिशवी टेबलावर ठेवायचं काम त्याचं, त्याला ते पूर्ण केल्याचं समाधान मिळतं आणि लगेच गरम पाव पण मिळतो. ते जमलं की पिशवी धरणं, मग पैसे देणं, असं मागे मागे यायचं. मदत कमी करायची ती पण अशीच, आधी हात धरून, मग नुसतं बोट दाखवून, मग शब्दाने, मग गप्प उभं राहून, मग दारातून, मग खिडकीतून. बऱ्याच घरांत शेवटच्या दोन पायऱ्या राहून जातात, आई गेटवर उभीच असते, आणि मग तो पोदेरकडे न बघता आईकडे बघतो.

बोलताना शब्द कमी, आणि घरातल्या सगळ्यांचे तेच. आई म्हणते "थांब", बाबा म्हणतात "अरे जरा दम धर की", आजी कोंकणीत तिसरंच काहीतरी, पोराने काय धरायचं? पोदेरला पण एकदा बाजूला घेऊन सांगून ठेवा की बाबा तो बोलेपर्यंत थांब, स्वतःहून पाव काढून देऊ नकोस. आमच्याकडची माणसं ऐकतात हो, सांगायला आपल्यालाच संकोच वाटतो. एक दिवस पोदेर आलाच नाही तर? तो पण धडाच आहे, "आज पाव नाही, आज पोळे" असं चित्र तयार ठेवा.

हे जमल्यावर नाक्यावरचा पसरा, म्हणजे छोटं दुकान, मग म्हापशाचा बाजार, पण शुक्रवारचा नको, शुक्रवारी मोठ्या माणसांना पण धक्के खाऊन वीट येतो. बस शिकवायची तर दुपारची रिकामी, दोन स्टॉपपुरती, त्याने स्वतः पैसे देऊन तिकीट घ्यायचं, आणि गळ्यात किंवा खिशात नाव-फोनचं कार्ड.

जत्रा, सप्ताह, चवथ

आवाज, गर्दी, फटाके, उशिरापर्यंत जागरण, सगळं एकदम. घरी ठेवून जावं की न्यावं हा दरवर्षीचा प्रश्न. माझं मत, न्यावं, पण थोडा वेळ. आदल्या दिवसापासून गेल्या वर्षीचे फोटो दाखवून सांगा, आधी देवळात जाणार, मग खाजें घेणार, मग घरी. गर्दी व्हायच्या आधी जा, अर्ध्या तासात, म्हणजे त्याला अजून मजा येत असतानाच परत फिरा. तो रडेपर्यंत थांबून मग निघालात तर त्याच्या लक्षात एवढंच राहतं की जत्रा म्हणजे रडणं, आणि रडलं की घरी जायला मिळतं. कानाला आवाज सहन होत नसेल तर हेडफोनसारखे इअर मफ मिळतात ते घाला, लोक बघतील, बघू देत. नरकासुराच्या रात्रीचा डीजे मात्र मी तरी नाही सांगणार, आपल्यालाच सहन होत नाही तो.

आणि गर्दीत त्याला काम द्या. काम नसलेलं मूल गर्दीत हरवतं किंवा गोंधळ घालतं. चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट, बांधताना एकेक फळ हातात द्यायचं काम त्याचं, आरतीला ताळ वाजवायचं त्याचं, प्रसादाच्या पानांचं त्याचं. भजनाच्या ठेक्यात यातली कितीतरी मुलं अगदी बरोबर असतात, तिथे त्याला कोणी "राहू दे, तुला जमणार नाही" म्हणत नाही. पाहुण्यांना त्याची ओळख पण त्या कामानेच होते, "हा आमच्याकडे माटोळी बघतो." नाहीतर ओळख कशी होते माहीत आहे ना, आवाज खाली करून, "हा जरा... स्पेशल आहे."

टीचरसाठी

वर्गात "सगळ्यांनी त्याला मदत करा हां" असं कधी सांगू नका. चार प्रेमळ मुली येतात आणि त्याचा डबा उघडण्यापासून दप्तर भरण्यापर्यंत सगळं करून टाकतात, वर्षाच्या शेवटी तो आणखी मागे. जोडीदार द्या, पण आलटून पालटून, आणि जोडीदाराला काय करायचं नाही ते सांगा: त्याच्यासाठी बोलायचं नाही, त्याचं लिहायचं नाही, थांबायचं. त्याला पण रोज एक जबाबदारी द्या जी वर्गाला खरंच लागते, मधल्या सुट्टीत भाजीपाव वाटायला, हजेरीपट ऑफिसात न्यायला, घंटा द्यायला. जो फक्त मदत घेतो त्याच्याशी मैत्री होत नाही, दया होते.

चिडवणं उघड असेल तर दिसतं. न दिसणारं म्हणजे मोठी पोरं त्याला घाणेरडा शब्द शिकवतात आणि "जा, टीचरला बोल" म्हणतात, तो येऊन बोलतो, मागे सगळे हसतात, त्याला वाटतं आपण भारी काहीतरी केलं, आणि ओरडा त्याला बसतो. अशा वेळी आधी मागे हसणाऱ्यांकडे बघा. शब्द कुठून आला ते शोधा.

खेळ घेताना ज्यात आपली पाळी डोळ्यांना दिसते असे घ्या, लगोरी, बॉल पासिंग, रिले. स्पेशल ऑलिम्पिक्सवाल्यांचं युनिफाइड स्पोर्ट्स म्हणून आहे, त्यात बौद्धिक अक्षमता असलेली आणि नसलेली मुलं एकाच टीममध्ये खेळतात, शाळेच्या पीटी पिरियडला तीच कल्पना वापरता येते.

दप्तर फेकतो, चावतो, खाली लोळतो, त्याचं काय? वही करा. आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं, वेळेसकट, दोन आठवडे. नुसतं "आज खूप त्रास दिला" लिहून काही कळत नाही. बहुतेक वेळा चारातलं एक निघतं: काहीतरी हवं असतं, कोणीतरी लक्ष द्यायला हवं असतं, कशातून तरी सुटायचं असतं, किंवा अंगाला त्या हालचालीनेच बरं वाटतं. रोज गणिताच्या आधी दप्तर फेकतो आणि त्याला बाहेर उभं करतात, म्हणजे त्याला जे हवं होतं तेच शाळा रोज देतेय. अशा मुलाला 'ब्रेक' लिहिलेलं कार्ड द्या, कार्ड दाखवलं की दोन मिनिटं बाहेर पाणी प्यायला, परत येऊन एक गणित. सुरुवातीला दर पाच मिनिटांनी कार्ड दाखवेल, दाखवू दे, मागायला शिकला हेच मोठं आहे, वेळ नंतर वाढवता येते. आणि ज्या वागण्याकडे तुम्ही लक्ष देणं बंद केलं ते कमी व्हायच्या आधी काही दिवस वाढतं, तेव्हा घाबरून माघार घेतलीत तर आणखी जोरात करायचं एवढंच तो शिकतो. मारायचं तर अजिबात नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच बंदी आहे, आणि हरायची सवय लागलेल्या मुलाला मारून काय शिकवणार.

कागदपत्रांचं थोडक्यात

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा त्याहून जास्त अक्षमता असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत फुकट शिक्षणाचा हक्क आहे, जवळची शाळा की स्पेशल शाळा हे तुम्ही निवडायचं. पर्वरीची संजय स्कूल, फोंड्याचं लोकविश्वास प्रतिष्ठान ही नावं तुम्ही ऐकली असतीलच, निवडण्याआधी एक दिवस जाऊन मधली सुट्टी बघा, वर्ग नंतर. यूडीआयडी, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, काढून ठेवा. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय म्हणून आरोग्य विम्याची योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. मूल १८ चं झालं की कायद्याने आई-बाप आपोआप पालक राहत नाहीत, लागत असेल तर कलेक्टरच्या लोकल लेव्हल कमिटीकडे अर्ज करावा लागतो, हे ऐनवेळी कळून धावपळ होते. पणजीला २०२३ च्या जानेवारीत पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव, झाला, असा कार्यक्रम असला की मुलाला घेऊन जा, तिथे कामधंदा करणारी मोठी दिव्यांग माणसं भेटतात, ती तुम्ही बघणं मुलापेक्षा तुम्हालाच जास्त गरजेचं आहे.

वर्ग बदलला, टीचर बदलली की सगळं पहिल्यापासून, ही तक्रार नेहमीची. त्यावर उपाय म्हणजे एका पानाची ओळख लिहून नव्या टीचरच्या हातात द्या. त्यात आजाराचं नाव एका ओळीत पुरे. बाकी पान असं: काय आवडतं, काय स्वतः करतो, कुठल्या आवाजाला घाबरतो, चिडायच्या आधी काय दिसतं, कान चोळतो की येरझाऱ्या घालतो, तेव्हा काय केलं की शांत होतो, नको कसं सांगतो. औषध आणि वेळ. दोन फोन नंबर. आणि प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत असेल तर तेवढी ओळ लाल पेनाने.